चुकलेल्या उत्तराचे वाचन



उत्तरपत्रिका तपासून झाल्या, गुण नोंदवहीत चढले आणि निकालपत्रके तयार झाली, म्हणजे परीक्षेचे काम पुरे झाले असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः शिक्षकाचे खरे काम तेथून पुढे सुरू व्हावयाचे असते. मुलाने काय लिहिले हे पाहून त्याला किती गुण द्यावयाचे, हा परीक्षकाचा प्रश्न झाला. त्याने असेच का लिहिले, हा शिक्षकाचा प्रश्न होय. खेड्यातील प्राथमिक शाळेत या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे असतात, ही खरोखर चांगली सोय आहे. ज्याने शिकविले तोच तपासतो. तेव्हा तपासताना जे कळेल ते दुसऱ्याच दिवशी त्याला वर्गात उपयोगी पडू शकते. परंतु कामाच्या घाईत परीक्षकाची भूमिका शिक्षकाच्या भूमिकेला गिळून टाकते, असा पुष्कळदा अनुभव येतो. प्रस्तुत लेखात चुकलेले उत्तर कसे वाचावे, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

एक उदाहरण, तीन उत्तरे

इयत्ता चौथीच्या वर्गात ‘४०३ − १५८’ ही वजाबाकी घातली आहे असे समजू. बरोबर उत्तर २४५ आहे. वर्गातील तीन मुलांची उत्तरे अनुक्रमे ३५५, ३४५ आणि १५५ अशी आली. तिघांच्याही उत्तरांवर तांबड्या शाईची एकेक फुली पडली आणि तिघांनाही शून्य गुण मिळाले. नोंदवहीच्या दृष्टीने ही तीन मुले सारखीच झाली. आता त्यांची उत्तरे वाचून पाहू.

ज्याचे उत्तर ३५५ आले, त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. तिनातून आठ जात नाहीत, म्हणून त्याने आठांतून तीन काढले. शून्यातून पाच जात नाहीत, म्हणून पाचातून शून्य काढले. वरची संख्या कोणती आणि खालची कोणती, म्हणजे कोणातून काय काढावयाचे आहे, याचे भान त्याला नाही. दशक सुटा करण्याची क्रियाच त्याच्या मनात उतरलेली नाही.

ज्याचे उत्तर ३४५ आले, त्याला दशक सुटा करणे माहीत आहे. एककाच्या घरी त्याने १३ केले, दशकाच्या घरी शून्याचे ९ केले. येथपर्यंत सारे योग्य झाले. परंतु हे नऊ दशक आणि दहा एकक आले कोठून, याचा त्याने विचार केला नाही. शतकाच्या घरातील ४ त्याने तसेच राहू दिले. त्याच्या उत्तरात नेमके १०० जास्त आले आहेत. कारण जे शतक त्याने मोडले, ते त्याच्या हिशेबी मोडलेच नाही.

ज्याचे उत्तर १५५ आले, त्याची अडचण आणखी निराळी आहे. एककाला दहा हवेत, शेजारी शून्य आहे, म्हणून तो शून्य ओलांडून थेट शतकाकडे गेला. तेथून एक उसना आणून त्याचे दहा एकक मानले. मग दशकाच्या घरासाठी शतकाकडून पुन्हा एक आणला. पहिल्या वेळी शंभर मोडून त्याने केवळ दहाच पदरात घेतले. म्हणून त्याच्या उत्तरात नेमके ९० कमी आले.

तिघांना एकच उपाय लागू पडणार नाही, हे उघड आहे. पहिल्याला ‘५२ − २७’ घातले तर तो ३५ असे उत्तर देईल. दुसरा व तिसरा बहुधा २५ हे बरोबर उत्तर देतील. म्हणजे पहिल्याला वजाबाकीच्या आरंभापासून नेले पाहिजे आणि इतर दोघांना केवळ शून्याच्या स्थानी थांबविले पाहिजे. या तिघांना एकत्र बसवून ‘लक्ष देऊन करा’ असे सांगितले, किंवा तीच वजाबाकी दहा वेळा लिहावयास लावली, तर प्रत्येकजण आपापली चूक दहा वेळा गिरवील, आणि ती अधिकच पक्की होईल.

अमेरिकेत १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अभ्यासकांनी वजाबाकीतील चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एखादा चुकीचा, पण ठराविक नियम इमानाने पाळत असते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. आपल्या शाळांतील वह्या चाळणाऱ्या कोणाही शिक्षकाला याचा पडताळा येईल.

ऐकणे एक, लिहिणे दुसरे

काही चुकांचे मूळ मुलात नसून आपल्या भाषेच्या घडणीत असते. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि साठ मागून. लिहिताना मात्र सहा आधी लिहावयाचे आणि तीन मागून. पहिली-दुसरीतील मूल त्रेसष्टसाठी ३६ लिहिते, तेव्हा त्याने कानाला दगा दिलेला नसतो. जे ज्या क्रमाने ऐकले ते त्या क्रमाने लिहिलेले असते. कन्नड, तेलुगू या भाषांत दशक आधी उच्चारला जातो. त्यामुळे तेथील मुलांना ही विशिष्ट अडचण येत नाही. उलट जर्मन भाषेत मराठीप्रमाणेच एकक आधी येतो. २०१९ च्या जून महिन्यात बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ यासाठी ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत दिल्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तो या अडचणीतूनच. त्या वादात कोणाचा पक्ष घ्यावा हा येथील विषय नव्हे. ३६ लिहिणारे मूल मंदबुद्धीचे नसून मराठी ऐकणारे आहे, एवढे शिक्षकाने ओळखले म्हणजे पुरे.

‘एकोण’ने सुरू होणाऱ्या आठ संख्यांची गोष्ट याहूनही अवघड आहे. एकोणपन्नास म्हटल्यावर कानावर ‘पन्नास’ येतात, म्हणून मूल ५९ लिहिते. त्याच चालीवर एकोणसाठसाठी ६९ लिहिते. ‘एकोण’ म्हणजे ‘एक उणे’ हा अर्थ एकदा उलगडून सांगावा आणि मणिमाळेवर पन्नासातून एक मणी मागे सरकवून दाखवावा. पाठांतराने जे महिनाभरात बसत नाही, ते अर्थ कळल्यावर पुष्कळदा दोनचार दिवसांत बसते.

‘एकशे पाच’ यासाठी १००५ लिहिणारे मूल तर तर्कशुद्धच वागत असते. शंभर म्हणजे १००, पुढे पाच. त्याने दोन्ही शेजारी मांडले. त्याला स्थानाची किंमत दिसलेली नाही. जुन्या पुठ्ठ्याचे पत्ते करावेत: शतकाचे पत्ते तीन घरांचे, दशकाचे दोन घरांचे आणि एककाचे एका घराचे. १०० च्या पत्त्यावर ५ चा पत्ता उजव्या कडा जुळवून ठेवला, की शेवटचे शून्य झाकले जाऊन १०५ दिसू लागतात. साधन फुकटचे आहे आणि मूल ते स्वतः हाताळू शकते.

भाषाविषयातील चुका

श्रुतलेखनात ‘शाळा’ या शब्दासाठी एका मुलाने ‘शाया’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘शळा’. दोघांचीही एकेक चूक मोजली जाते. परंतु वऱ्हाडी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळ्याला डोया आणि शाळेला शाया म्हणणाऱ्या घरातून आलेल्या पहिल्या मुलाने अक्षरज्ञानात कोठेही कसूर केलेली नाही. आपल्या उच्चाराला योग्य ते अक्षर त्याने अचूक निवडले आहे. दुसऱ्या मुलाला मात्र काना दिसलेला किंवा ऐकू आलेला नाही. त्याला स्वरचिन्हांचा सराव हवा.

पहिल्या मुलाला ‘तुमच्या घरी शाया म्हणतात, पुस्तकात शाळा लिहितात, दोन्ही तुला आले पाहिजेत’ असे सांगितले, तर त्याला आपल्या आईच्या बोलण्याची लाज वाटत नाही आणि ग्रंथभाषाही येते. त्याऐवजी वर्गात त्याच्या उच्चाराला हसू झाले, तर ते मूल पुढे तोंडच उघडत नाही. मग त्याला येते काय आणि येत नाही काय, हे कळण्याचा मार्गच खुंटतो.

शाब्दिक उदाहरणांत भाषा आणि गणित या दोहोंची गाठ पडते. ‘सीतेजवळ ३५ बोरे आहेत. ती मीनेच्या बोरांपेक्षा ८ ने जास्त आहेत. तर मीनेजवळ किती?’ येथे अनेक मुले ४३ हे उत्तर देतात. ‘एकूण’ किंवा ‘जास्त’ दिसले की बेरीज, ‘उरले’ किंवा ‘कमी’ दिसले की वजाबाकी, असा खुणेचा नियम त्यांनी धरलेला असतो. आणि खरे बोलावयाचे तर तो पुष्कळदा आपणच घाईघाईने सांगितलेला असतो. अशा वेळी आकडे मांडण्यापूर्वी ‘कोणाजवळ अधिक आहेत?’ एवढेच विचारावे.

बरोबर उत्तरही वाचावे

बरोबर आलेले उत्तरही कधी कधी फसवे असते. ०.८५ आणि ०.६ यांत मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला मूल ०.८५ असे बरोबर उत्तर देते. परंतु ८५ ही संख्या ६ पेक्षा मोठी म्हणून त्याने ते उत्तर दिले असेल, तर तेच मूल ०.४५ आणि ०.७ यांत ०.४५ ला मोठे म्हणेल. म्हणून प्रश्न निवडताना चुकीच्या नियमानेही बरोबर उत्तर येईल असे प्रश्न टाळावेत. वजाबाकीसाठी ‘५८ − २६’, ‘५२ − २७’, ‘४२५ − १५८’ आणि ‘४०३ − १५८’ अशी चार उदाहरणे क्रमाने घातली, तर मूल कोणत्या पायरीवर अडते ते लगेच दिसते. एकाच जातीची वीस उदाहरणे घालण्यापेक्षा अशी चार अधिक सांगून जातात.

कायद्याने काय सांगितले आहे

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मूल भय, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त असावे, आणि त्याला काय समजले व ते त्याला वापरता येते काय याचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे, असे त्याच्या २९ व्या कलमात म्हटले आहे. त्यानुसार महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयाने आकारिक आणि संकलित अशी मूल्यमापनाची दुहेरी पद्धत आली. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा महत्त्वाची ठरली. तीत अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलाला जादा अध्यापन देऊन, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावयाची आहे. तेथेही ते उत्तीर्ण झाले नाही, तर ते त्याच वर्गात ठेवले जाऊ शकते.

या दोन महिन्यांचे महत्त्व आपण ओळखले पाहिजे. पाचवीतील ज्या मुलाला अजून ‘४०३ − १५८’ येत नाही, त्याला या अवधीत सारे पुस्तक पुन्हा शिकविणे अशक्य आहे आणि निरर्थकही आहे. त्याचे नेमके कोठे अडले आहे हे ज्या शिक्षकाला ठाऊक असेल, त्यालाच त्या अवधीत काही करता येईल. ज्याच्याजवळ केवळ गुण आहेत, त्याच्याजवळ ‘२५ पैकी ७’ या आकड्यापलीकडे सांगण्यासारखे काहीच नसते. मोलमजुरी करणाऱ्या घरात, विशेषतः मुलीच्या बाबतीत, ‘त्याच वर्गात राहिली’ एवढी बातमी शाळा सुटण्यास पुरेशी ठरू शकते. म्हणून उत्तरपत्रिका वाचण्याचे काम सवडीने करावयाचे नव्हे.

निकाल चांगला दिसावा म्हणून संकलित परीक्षेत मुलांना उत्तरे सुचविण्याचा मोह काही ठिकाणी होतो, हेही मोकळेपणाने बोलले पाहिजे. त्यात नीतीचा प्रश्न आहेच. परंतु शिक्षकाचे स्वतःचे नुकसानही आहे. सुचविलेल्या उत्तरातून मुलाच्या मनाचा काहीच पत्ता लागत नाही. ज्वरमापक थंड पाण्यात बुडवून वाचला, तर ताप उतरत नाही; केवळ वैद्य अज्ञानात राहतो.

द्विशिक्षकी शाळेत हे कसे जमावे

दोन शिक्षक, पाच वर्ग आणि नोंदवह्यांचा ढीग, अशा शाळेत प्रत्येक उत्तरपत्रिका बारकाईने वाचणे कसे शक्य आहे, अशी शंका साहजिकच येईल. पुढील रीत त्या अडचणी ध्यानात घेऊनच सुचविली आहे.

(१) सर्व प्रश्न न घेता दोनच निवडावेत. ज्या प्रश्नांत वर्गातील अधिक मुले चुकली, तेच घ्यावेत.

(२) उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गुणांवरून न करता उत्तरावरून करावेत. ज्यांचे उत्तर ३५५ आले ती मुले एकत्र, १५५ आले ती एकत्र. वीस मुलांच्या वर्गात असे तीनचार गट पडतात. त्यापेक्षा अधिक क्वचित.

(३) एकाच चुकीवरून निदान करू नये. घाई, भूक, झोप यांमुळेही मूल चुकते. तीच चूक त्याच प्रकारे दोनतीन ठिकाणी आढळली, तरच तिला नियम समजावे.

(४) टाचणवहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखावेत: मुलाचे नाव, चूक कशी झाली, काय केले. गुण येथे लिहू नयेत.

(५) एका दिवशी एकाच गटाला पंधरा मिनिटे जवळ बसवावे. त्या वेळी इतर वर्गांना लेखनाचे काम द्यावे, किंवा वरच्या वर्गातील मुलाकडून वाचन करवून घ्यावे.

मुलाशी बोलणे

कागदावरून जे कळत नाही ते मुलाच्या तोंडून कळते. परंतु ‘हे कसे काढलेस?’ असे विचारताच मूल गप्प होते. कारण चुकल्यावरच असे विचारले जाते, हे त्याला अनुभवाने माहीत असते. म्हणून बरोबर उत्तर देणाऱ्या मुलालाही हा प्रश्न विचारण्याची प्रथा वर्गात पाडावी. संभाषण साधारणतः असे व्हावे:

“बाळ, या वजाबाकीत तू पहिल्यांदा काय केलेस?”

“गुरुजी, तिनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून तीन काढले.”

“बरे. तुझ्याजवळ शंभराच्या चार नोटा आणि तीन सुटे रुपये आहेत. दुकानदाराला एकशे अठ्ठावन्न द्यायचे आहेत. सुट्या रुपयांतून आठ देता येतील का?”

“नाही पुरायचे.”

“मग काय करशील?”

“शंभराची नोट मोडीन.”

“मोडून काय घेशील?”

“दहाच्या दहा नोटा. मग त्यातली एक मोडून दहा रुपये सुटे घेईन.”

“आता तुझ्याजवळ काय काय झाले?”

“शंभराच्या तीन, दहाच्या नऊ, आणि सुटे तेरा.”

४०३ या संख्येतील शून्याचे ९ कसे झाले, हे या मुलाने स्वतःच सांगितले. बाजारहाट करणाऱ्या खेड्यातील मुलाला हा व्यवहार ठाऊकच असतो. वहीतील वजाबाकी म्हणजे तोच व्यवहार होय, एवढा सांधा जुळवून द्यावयाचा असतो. यानंतर लगेच तशीच एक वजाबाकी त्याला एकट्याने करावयास द्यावी.

तपासताना केवळ फुली न मारता शेजारी एक लहानसा प्रश्न लिहावा. ‘शतक मोडल्यावर किती उरली?’ असे चार शब्द मुलाला पुन्हा विचार करावयास लावतात. पालक भेटले असता ‘तुमचा मुलगा गणितात कच्चा आहे’ असे न सांगता, ‘त्याला बेरीज चांगली येते, साधी वजाबाकी येते; मध्ये शून्य आले की अडते, ते महिनाभरात बसेल’ असे सांगावे. पहिल्या वाक्याने घरी मार बसतो. दुसऱ्याने निदान शाळेत पाठविण्याची उमेद राहते.

समारोप

‘ढ’ हे एक अक्षर आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलांना चिकटविले गेले आहे. ज्याचे उत्तर ३५५ आले तो, ज्याचे १५५ आले तो, ३६ लिहिणारा, शाया लिहिणारा, हे सारे त्या एका अक्षराखाली गाडले जातात. पुढे पुढे तर मूल स्वतःच ‘मला गणित येत नाही’ असे म्हणू लागते, आणि मग प्रयत्न सोडते. वस्तुतः यांतील प्रत्येकाला पुष्कळसे येत असते आणि एखादीच गोष्ट अडलेली असते. ती कोणती, हे शोधण्यास साधने लागत नाहीत, निधी लागत नाही. तपासलेला गठ्ठा कपाटात ठेवण्यापूर्वी आणखी एकदा उघडावा लागतो, आणि त्या दिवशी अर्धा तास अधिक बसावे लागते.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. ‘७०० − २६४’ या वजाबाकीची ५६४, ५३६ आणि ३४६ अशी तीन उत्तरे आली. प्रत्येकाचे कारण शोधा व प्रत्येकासाठी वेगळा उपाय सुचवा.

२. ‘६१२ ÷ ६’ याचे उत्तर एका मुलाने १२ असे काढले. त्याला चूक स्वतःच कळावी म्हणून कोणता प्रश्न विचाराल?

३. आपल्या वर्गातील श्रुतलेखनाच्या चुकांचे ‘बोलीमुळे झालेल्या’ आणि ‘अक्षरज्ञानाच्या अभावी झालेल्या’ असे दोन गट करा. पुढील परिषदेस येताना ती यादी बरोबर आणा. मुलांची नावे मात्र त्यावर लिहू नका.